शेतात एसटीपीचा गाळ टाकायच्या आधी काय विचारायचं, काय तपासायचं आणि कुठे सरळ नाही म्हणायचं

सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ म्हणजे स्लज शेतात टाकू का, हा प्रश्न बरेच जण विचारतात, पण बहुतेक वेळा गाडी बांधावर येऊन उभी राहिल्यावर विचारतात. गाळ फुकट मिळतो, दिसायला काळाभोर, टाकला की पहिल्याच हंगामात पीक जोमात येतं, त्यामुळे नको म्हणायला जीव होत नाही हे मला कळतं. पण एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे: गाळ टाकणं तुम्ही कधीही थांबवू शकता, पण टाकलेला गाळ मातीतून परत काढता येत नाही. नत्र पीक उचलतं, बरेचसे जंतू ऊन आणि वेळ मिळाला की मरतात, पण कॅडमियम, शिसं असे जड धातू आणि पीफास नावाची सहज न तुटणारी रसायनं तिथेच बसून राहतात, तुमच्यानंतर जो कोणी ती जमीन कसेल त्याच्यासाठी. म्हणून तपासण्या सगळ्या आधी करायच्या. नंतर केल्या तर फक्त किती नुकसान झालं ते कळतं.

आणि गाळ म्हणजे निव्वळ विष असंही मी म्हणणार नाही. त्यात नत्र असतं, फॉस्फरस असतो, सेंद्रिय पदार्थ असतात, हलक्या जमिनीची पाणी धरून ठेवायची ताकद त्याने वाढते. प्रश्न असा आहे की याच्यासोबत अजून काय काय येतंय.

पहिला प्रश्न: हा गाळ कुठल्या गटाराचा?

प्रक्रिया केंद्राचं काम पाणी साफ करायचं. पाण्यातून जे काढलं ते कुठेतरी जाणारच, आणि त्यातलं बरंचसं गाळात जातं. त्यामुळे गाळाची प्रत ठरते ती त्या लाइनला कोण कोण जोडलंय त्यावरून. फक्त घरांचं सांडपाणी येत असेल तर गाळ त्यातल्या त्यात बरा (साबण, औषधं, कॉस्मेटिक्स, कपड्यांचे प्लास्टिक धागे हे त्यातही असतंच). पण त्याच लाइनला इलेक्ट्रोप्लेटिंग, चामडं कमावणं, कापड रंगवणं, बॅटरीचं काम असं काही जोडलेलं असलं तर क्रोमियम, निकेल, कॅडमियम, शिसं यांच्यापैकी काहीतरी आलंच समजा.

केंद्रवाल्यांना हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या: कुठले कारखाने जोडलेत, दवाखाने किती, सेप्टिक टँकचा मैला टँकरने आणून इथे ओततात का, कचरा डेपोतून झिरपणारं काळं पाणी म्हणजे लीचेट इथे घेतात का, आणि गेल्या वर्षभरात यात काही बदललं का. लीचेटचं उत्तर हो आलं तर मी स्वतः तो गाळ घेणार नाही, रिपोर्ट कितीही चांगला दाखवला तरी. शेवटचा प्रश्नही सोडू नका, कारण जुना रिपोर्ट दाखवतात आणि मधल्या काळात लाइनला नवीन कारखाना जोडलेला असतो.

पीफास: ज्याची तपासणी बहुतेक ठिकाणी होतच नाही

यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त गाफील आपण इथे असतो. पीफास म्हणजे हजारो रसायनांचा एक मोठा गट. नॉनस्टिक कोटिंग, पाणी न लागणारं कापड, डाग न धरणारे गालिचे, तेल न शोषणारा कागद, आग विझवायचा फोम, या सगळ्यात वापरलेला. यातला कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट असतो की प्रक्रिया केंद्रातले जिवाणू तो तोडू शकत नाहीत आणि कंपोस्टची उष्णताही तोडू शकत नाही. उलट काही पीफास प्रक्रियेत बदलून त्यांचं पीएफओए आणि पीएफओएस होतं, म्हणजे ज्यांची सगळ्यात जास्त काळजी वाटते तीच रसायनं. त्यामुळे केंद्रात येताना जेवढं मोजलं त्यापेक्षा बाहेर जाताना जास्त सापडतं, असंही होतं.

मातीतून ते विहिरीत उतरतं, चाऱ्यात चढतं, चाऱ्यातून दुधात, अंड्यात, मांसात. अमेरिकेतल्या मेन राज्यात हेच झालं. वर्षानुवर्षं शेतांवर गाळ टाकला होता, परवानगीनेच टाकला होता, आणि पुढे दूध, विहिरी, माती तपासल्यावर पीफास निघालं. २०२२ मध्ये त्या राज्याने शेतात गाळ टाकायला बंदीच घातली. स्वित्झर्लंडने तर त्याच्याही बरंच आधी, २००३ पासून टप्प्याटप्प्याने २००६ पर्यंत गाळाचा शेतीतला वापर बंद केला होता.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, जानेवारी २०२५ मध्ये मसुदा अहवाल काढला. गाळात पीएफओए किंवा पीएफओएस १ पीपीबी असलं तरी काही परिस्थितींत आरोग्याचा धोका त्यांच्या स्वीकारार्ह पातळीच्या वर जाऊ शकतो असं त्यात आहे. १ पीपीबी म्हणजे एका टन गाळात एक मिलिग्रॅम! हा हिशोब त्यांनी बाजारातून माल घेणाऱ्या सर्वसाधारण माणसासाठी मांडलेला नाही, जे लोक अशा शेतावर किंवा शेताजवळ राहतात, तिथलंच दूध पितात, तिथलीच अंडी खातात, तिथल्याच विहिरीचं पाणी पितात त्यांच्यासाठी मांडलाय. म्हणजे शेतकऱ्याच्या घरासाठीच.

एवढं असूनही गाळासाठीचा अमेरिकेचा मूळ नियम १९९३ चा आहे आणि त्यात मर्यादा आहेत फक्त नऊ धातूंना, पीफासला काहीच नाही. २०१८ मध्ये ईपीएच्याच अंतर्गत तपास कार्यालयाने लिहिलं की गाळात सापडलेले ३५२ घटक सुरक्षित आहेत की नाहीत हे ठरवायला लागणारी माहिती आणि साधनं संस्थेकडे नाहीत. युरोपचा निर्देश तर १९८६ चा, त्यातही धातूच. म्हणून कोणी "सगळं लिमिटमध्ये आहे" म्हणालं की विचारा, कशाकशाचं लिमिट? पीफासचा वेगळा रिपोर्ट मागा, तो नसेल तर गाळ नको.

धातूंचा रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्टमधले आकडे कोरड्या वजनावर असतात, गाडीत येतो तो ओला गाळ. पाणी काढून दाबलेल्या गाळातही घन भाग बरेचदा २० टक्क्यांच्या आसपासच असतो, म्हणजे ५० टन ओला गाळ म्हणजे १० टन कोरडा. किती टक्के घन आहे ते विचारल्याशिवाय कुठलाच हिशोब करता येत नाही आणि बरेच घोळ इथेच होतात.

आता हिशोब करून बघू. समजा हेक्टरी १० टन कोरडा गाळ टाकला आणि त्यात कॅडमियम किलोला ५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे हेक्टरात ५० ग्रॅम कॅडमियम गेलं. वरच्या २० सेंटिमीटर मातीचं वजन हेक्टरी साधारण २६०० टन धरा, तर मातीत कॅडमियम वाढलं किलोला ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास. हे फार वाटत नाही. पण गाळात तेच कॅडमियम ३९ असलं तर? अमेरिकेच्या नियमात हा आकडा चांगल्या प्रतीच्या गाळाच्या यादीतला आहे बरं का, कमाल मर्यादा तर ८५ आहे. ३९ धरलं तर एका वेळेला ३९० ग्रॅम जातं, माती ०.१५ ने वाढते, आणि सात वेळा टाकलात की किलोला १ मिलिग्रॅमने वाढलेली असते. युरोपच्या निर्देशात मातीसाठी कॅडमियमची मर्यादाच किलोला १ ते ३ मिलिग्रॅम आहे. आणि अमेरिकेत एका शेतात आयुष्यभरात मिळून हेक्टरी ३९ किलो कॅडमियम चालतं, ते याच मातीत मिसळून बघितलं तर किलोला १५ होतं, युरोपच्या वरच्या मर्यादेच्या पाचपट. म्हणजे कायद्यात बसतंय एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण कुठल्या कायद्यात बसतंय त्यावर सगळं आहे. हाच गुणाकार शिसं, निकेल, झिंक, तांबं, पारा, आर्सेनिक प्रत्येकासाठी करा, कागदावर दहा मिनिटांचं काम आहे.

कॅडमियमवर मी एवढं लिहितेय कारण ते पिकाला काही करत नाही, पीक हिरवंगार दिसतं आणि ते पानात चढत राहतं. पालक, लेट्यूससारख्या पालेभाज्या आणि तंबाखू ते जास्त ओढतात, दाण्यात त्यामानाने कमी जातं. माणसाच्या शरीरात गेलं की मूत्रपिंडात साठतं आणि अर्धं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. झिंक किंवा तांबं फार झालं तर निदान पीक पिवळं पडून, खुरटून सांगतं तरी.

तुमच्या मातीचा नमुना, गाळ येण्याआधी

शेताचे मातीच्या रंगाप्रमाणे, उताराप्रमाणे भाग पाडा. प्रत्येक भागात नागमोडी चालत १०-१५ ठिकाणी व्ही आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, खड्ड्याच्या एका बाजूने वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती खरवडा. जस्ताचा मुलामा असलेली बादली किंवा फावडं वापरू नका, झिंकचा आकडाच खोटा येतो, प्लास्टिकची स्वच्छ बादली घ्या. सगळी माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाकून द्या, असं अर्धा-एक किलो उरेपर्यंत. आता महत्त्वाचं: अर्धा नमुना लॅबला द्या आणि अर्धा सावलीत वाळवून, तारीख आणि जागा लिहून, हवाबंद डब्यात घरी ठेवून द्या. उद्या वाद झाला की "हे आधीपासूनच होतं" असं तुम्हाला ऐकवतील, तेव्हा हा डबा कामाला येईल.

लॅबला सांगायचं धातू, पीएच, नायट्रेट, फॉस्फरस. पीफासचा नमुना वेगळा, लॅबने दिलेल्याच बाटलीत, आणि तो घेताना रेनकोट किंवा वॉटरप्रूफ जॅकेट घालू नका, त्या कापडातूनच येऊ शकतं. विहिरीचं, बोअरचं पाणीसुद्धा याच वेळी तपासून घ्या.

पीएच ६ च्या खाली असेल तर गाळ टाकूच नका, आम्लधर्मी जमिनीत कॅडमियम, झिंक, निकेल मोकळं होऊन मुळांना सहज मिळतं. चुना टाकून ते थोडं बांधता येतं, पण गाळातल्याच मॉलिब्डेनम या धातूचं वागणं बरोबर उलटं, चुनखडीच्या जमिनीत तेच जास्त मोकळं होतं, आणि असा चारा खाऊन गायीगुरांना तांब्याची कमतरता होते, हगवण लागते, केसाचा रंग उडतो. म्हणजे चुना हा सगळ्यावरचा उपाय नाही.

किती टाकायचा आणि कुठे नाहीच टाकायचा

सल्ला देणारे नत्राच्या गरजेवर मात्रा काढतात. त्यात फॉस्फरसचा घोळ होतो. गाळात नत्र ४ टक्के आणि फॉस्फरस २ टक्के धरलं तर १० टनात ४०० किलो नत्र (त्यातलं पहिल्या वर्षी थोडंच मिळतं, बाकीचं हळूहळू) आणि २०० किलो फॉस्फरस. धान्याचं पीक हंगामात फॉस्फरस उचलतं हेक्टरी २० ते ४० किलो. उरलेला साठत जातो, मातीबरोबर वाहून ओढ्यात, तळ्यात जातो, तिथे शेवाळ माजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन संपून मासे मरतात. म्हणून मात्रा फॉस्फरसवर काढा, गाळ कमी बसेल, बसू दे. नत्र जास्त झालं तर ते नायट्रेट होऊन खाली विहिरीत झिरपतं, पिण्याच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, त्यावरचं पाणी बाटलीच्या दुधात वापरलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडतं.

उताराची जमीन, रेताड किंवा भेगाळ जमीन, खाली लगेच कातळ, पाण्याची पातळी वर असलेली जागा, पूर येतो ती जागा, या सगळ्या वगळा. अमेरिकेच्या नियमात नदीनाल्यापासून १० मीटर सोडायला सांगितलंय, मला ते फारच कमी वाटतं, पिण्याच्या विहिरीच्या १०० मीटरच्या आत तर मी कोणाला टाकू देणार नाही. पावसाचा अंदाज असेल किंवा जमीन ओली असेल तर गाडी परत पाठवा.

जंतू, आणि किती थांबायचं

गाळात साल्मोनेला, ई. कोलाय, नोरोव्हायरस, हिपॅटायटिस ए चा विषाणू, जिआर्डिया असं काहीही असू शकतं, आणि जंतांची अंडी. गोलकृमीची अंडी मातीत काही वर्षंही तग धरतात. दर्जा विचारा. अमेरिकन पद्धतीत ए दर्जाच्या गाळात एका ग्रॅम कोरड्या वजनात विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू १००० पेक्षा कमी लागतात, बी दर्जात २० लाखांपर्यंत चालतात! कंपोस्ट केलंय म्हणाले तर तापमानाच्या नोंदी मागा, उघड्या ढिगात ५५ अंशांवर १५ दिवस आणि त्यात पाच वेळा पलटी, असा निकष आहे. नोंदी नाहीत तर त्याला बी दर्जाचाच समजा. आणि ए दर्जा जंतूंपुरता असतो, त्याचा पीफासशी काही संबंध नाही, हे लोक फार मिसळतात.

बी दर्जाचा गाळ टाकला तर जनावरं निदान ३० दिवस चरायला सोडायची नाहीत. मातीला टेकणारी भाजी, फळं १४ महिने काढायची नाहीत. कंदमुळांसाठी २० महिने, आणि गाळ वर चार महिने राहायच्या आत नांगरून गाडला असेल तर ३८ महिने, कारण जमिनीखाली ऊन लागत नाही आणि अंडी जास्त टिकतात. हे आकडे कमीत कमी आहेत. कच्ची खायची भाजी करणाऱ्या शेतात माझं मत विचाराल तर नकोच.

जनावरांचं अजून एक. गाय चरताना गवताबरोबर माती आणि पानाला चिकटलेला गाळही खाते, त्यामुळे पानात काय चढलं याच्या पलीकडे थेट गाळच पोटात जातो. गोमांसातून माणसाला होणाऱ्या फीतकृमीची अंडी गाळात असली तर तीही अशीच गायीत जातात. दुभत्या जनावरांचा चारा त्या शेतातून घेऊ नका.

प्रत्यक्ष टाकताना

वारा असेल त्या दिवशी नाही, घराच्या, शाळेच्या दिशेने वारा असेल तर अजिबात नाही. शेजाऱ्यांना दोन दिवस आधी सांगा. पसरला की सहा तासांत मातीत मिसळा, नुसता वर पडून राहिला तर माश्या, धूळ आणि सडक्या अंड्यासारखा तो वास. काम करणाऱ्याला गमबूट, रबरी हातमोजे, एन९५ मास्क, डोळ्याला चष्मा, हाताला जखम असेल तर त्याला काम देऊ नका. धनुर्वाताची लस झालेली हवी, हिपॅटायटिस ए ची घेतली तर उत्तम. शेतात खाणं, पिणं, बिडी काही नाही, कपडे बूट बाहेरच धुवायचे, लहान मुलांना तिकडे फिरकू द्यायचं नाही. त्यानंतर कोणाला जुलाब, ताप, दम लागणं असं झालं तर डॉक्टरला गाळात काम केल्याचं आवर्जून सांगा, ते आपणहून विचारणार नाहीत.

आधीच टाकून झाला असेल तर

घाबरून माती उकरू नका. पहिलं काम पिण्याच्या पाण्याची तपासणी, पीफाससकट. ईपीएने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओए आणि पीएफओएस प्रत्येकी लिटरला ४ नॅनोग्रॅम ही मर्यादा ठरवली, तिच्या वर निघालं तर पिण्याचं, स्वयंपाकाचं पाणी दुसरीकडून आणा किंवा रिव्हर्स ऑस्मोसिसचा फिल्टर लावा. उकळून पीफास जात नाही, पाणी आटतं त्यामुळे उलट थोडं दाटच होतं. मग माती, मग चारा, मग दूध, या क्रमाने तपासा.

माती खराब निघाली तर पालेभाज्या, कंद आणि चारा बंद करा, तिथे कापूस, फुलझाडं, लाकूड, बियाण्याचं पीक असं काही घ्या जे ताटात येत नाही. कॅडमियम असेल तर पीएच ६.५ च्या वर ठेवा. जनावरांना स्वच्छ चारा-पाणी दिलं की दुधातलं पीफास हळूहळू उतरतं, त्याला आठवडे ते महिने लागतात, म्हणून मधेमधे दूध तपासत राहा. सूर्यफूल लावा, मोहरी लावा, सगळे धातू ओढून घेतील असं कोणी सांगितलं तर त्यावर भरवसा ठेवून खायचं पीक घेऊ नका, ते काम इतकं हळू होतं की त्यात दशकं जातात, आणि ती झाडं शेवटी टाकायची कुठे हा प्रश्न राहतोच.

जमीन भाड्याने किंवा विकत घेताना मालकाला सरळ विचारा, इथे कधी गाळ टाकला होता का, किती वेळा, कुठल्या केंद्राचा, आणि ते करारात लिहून घ्या. स्वतः टाकत असाल तर वही ठेवा: तारीख, गट नंबर, किती ओले टन, किती टक्के घन, केंद्राचं नाव, रिपोर्टची झेरॉक्स, त्या दिवशीचं हवामान, पुढे कुठलं पीक घेतलं, विहिरीचा शेवटचा रिपोर्ट कधीचा. जमीन दुसऱ्याच्या हातात गेली की ही वही सातबाऱ्याबरोबर त्याला द्या.